बंबातला चुना आणि पोवळ्याचे घर

नरकचतुर्दशीच्या आधी खानदेशातल्या घराघरांत एक काम ठरलेले असे. मोरीजवळचा तांब्याचा बंब अंगणात यायचा आणि घरातली मंडळी चिंच व राख घेऊन त्याला घासायला बसायची. बाहेरचे तांबे घटकाभरात लखलखू लागे. पण आत हात घातला, की तळाशी आणि मधल्या नळीवर पांढुरका, खरखरीत थर हाताला लागायचा. तो चिंचेला थोडीफार दाद देई, नखाला मुळीच देत नसे. ‘आमचे पाणी जड आहे हो, यात डाळसुद्धा शिजत नाही,’ असे म्हणून बंब पुन्हा जागेवर जाई. बंब आता बहुतेक घरांतून गेले, त्यांच्या जागी गीझर आले. परंतु विहिरीचे आणि बोअरचे पाणी तेच राहिले. गीझरची कांडी बाहेर काढून पाहा, तिच्यावरही तोच पांढरा थर बसलेला दिसेल.

हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. आणि वाचकहो, गंमत अशी, की समुद्राच्या तळाशी पोवळे नावाचा इवलासा प्राणी आयुष्यभर जे दगडी घर बांधतो, तेही कॅल्शियम कार्बोनेटचेच. बंबात जाळ घालून पाणी उकळावे तेव्हा कुठे हा दगड खाली बसतो. पोवळे तोच दगड कोमट पाण्यात, जाळाशिवाय, स्वतःच्या अंगातून घडवते.

‘पारोळ्याला समुद्र कुठला, आणि पोवळ्याशी आमचा संबंध काय?’ असे कोणी विचारील. समुद्र येथून सरळ रेषेत दोन-अडीचशे किलोमीटर दूर, हे खरे. पण संबंध आहे, आणि तो पाण्याचाच आहे. पावसाचे पाणी काळ्या मातीतून झिरपताना तिच्यातला कर्बवायू, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला कार्बन डायऑक्साइड, अंगात घेते आणि किंचित आंबट होते. त्या आंबटपणाने खालच्या काळ्या पाषाणातले कॅल्शियम हळूहळू विरघळते. त्यातले काही विहिरीतून आपल्या बंबात येते. उरलेले बोरी नदीतून तापीत आणि तापीतून अरबी समुद्रात जाते. पोवळे, शिंपले आणि शंख ज्या मालावर आपली घरे बांधतात, त्यात पारोळ्याचाही खारीचा वाटा आहे म्हणायचा!

एरवी खानदेशाला पोवळे ठाऊक आहे ते जळगावच्या सराफ बाजारातले, मंगळाच्या अंगठीत बसवलेले. किंवा वैद्यांच्या प्रवाळभस्मातले. ते लाल पोवळे भूमध्य समुद्रातले, खोल आणि अंधाऱ्या पाण्यात वाढणारे. आपला विषय आहे तो उथळ उष्ण समुद्रात, उन्हात वाढून मोठमोठे खडक उभारणाऱ्या पोवळ्यांचा. ही पोवळी दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत वाढवण्याचा छंद आता जगभर पसरला आहे. मोठ्या शहरांतली त्याची चित्रे पाहून लहान गावांतल्या हौशी माणसांनाही त्याची ओढ लागते. तेव्हा या छंदाचे रसायन काय, ते आपल्या गावात जमण्यासारखे आहे काय, आणि जमले तरी करावे काय, याचा विचार या दिवाळीत करू.

प्रथम समुद्राचे पाणी म्हणजे काय ते पाहू. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत आपल्या स्वयंपाकघरातले मीठ सर्वांत जास्त; पण तेवढ्यावर भागत नाही. मॅग्नेशियम लिटरला सुमारे १३०० मिलिग्रॅम, कॅल्शियम सुमारे ४२० मिलिग्रॅम, शिवाय सल्फेट, पोटॅशियम आणि इतर अनेक पदार्थ. म्हणून बाजारच्या मिठाची पिशवी टाकीत ओतून समुद्र होत नाही; त्यासाठी सगळ्या क्षारांचे ठरावीक मिश्रण घ्यावे लागते. शंभर लिटरच्या टाकीला ते सुमारे साडेतीन किलो लागते. शेतकरी मातीचा सामू तपासतात, तसा समुद्राचा सामू तपासला तर तो ८.१ च्या आसपास भरतो.

या यादीत आणखी एक नाव घातले पाहिजे, आणि सारी मेख तिथेच आहे. ते नाव अल्कता. अल्कता म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. समुद्रात ही ताकद मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपाने असते. आपल्या खाण्याच्या सोड्यात असते तेच बायकार्बोनेट. टाकीवाल्यांच्या तपासणीच्या बाटल्यांवर ती जर्मन अंशांत मोजतात. समुद्राची अल्कता सुमारे ७ अंश असते. चाचणी सोपी आहे. पाण्याच्या नमुन्यात औषध थेंबाथेंबाने टाकायचे, आणि रंग पालटेपर्यंत किती थेंब लागले ते मोजायचे.

पोवळे घर बांधते तेव्हा पाण्यातून दोन वस्तू एकाच वेळी उचलते. एका हाताने कॅल्शियम, दुसऱ्या हाताने बायकार्बोनेट. या दोहोंचे प्रमाण बांधलेले आहे. अल्कता एक अंशाने उतरली, की कॅल्शियम लिटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅम उतरते. कमी नाही, जास्त नाही. आता हिशेब करा. पाण्यात अल्कता आहे ७ अंश आणि कॅल्शियम आहे ४२० मिलिग्रॅम. सगळीच्या सगळी अल्कता संपेपर्यंत पोवळ्याने घर बांधले, असे क्षणभर धरून चालू. कॅल्शियम किती जाईल? सातासाते एकोणपन्नास! म्हणजे ४२० चे ३७० होईल. एका वस्तूचे भांडार पार रिकामे होते, तेव्हा दुसऱ्याचे जेमतेम आठव्या हिश्शाने उतरलेले असते.

ज्वारीची कणगी गळ्यापर्यंत भरलेली आहे. पण तेलाची बुधली लहानशी आहे, अशा घरासारखीच ही स्थिती. कणगीत डोकावून गृहिणी निर्धास्त राहिली, तर तिसऱ्या दिवशी फोडणीवाचून स्वयंपाक अडायचा. नवशिक्या छांदिष्टाचे असेच होते. त्याने ऐकलेले असते, की पोवळ्याला कॅल्शियम लागते. तो कॅल्शियम मोजतो, ते ४२० च्या ठिकाणी ४०५ भरते. घरगुती चाचणीत एवढा फरक मोजणाराच्या हातूनही पडतो, म्हणून तो निश्चिंत राहतो. इकडे दोन दिवसांत अल्कता ७ वरून ५ वर आलेली असते, आणि पोवळ्याच्या फांद्यांची टोके पांढरी पडू लागलेली असतात. मग घाबरून तो भसाभस सोडा ओततो आणि एका रात्रीत अल्कता ११ वर नेतो. उपाशी माणसाला एकदम पंचपक्वान्ने वाढावीत, तसा हा प्रकार. तुटवड्यातून जगलेले पोवळे या उपचाराने जाते.

म्हणून या साऱ्या शास्त्राचे सार एका ओळीत सांगायचे, तर ते असे: आकडा किती, यापेक्षा तो रोज तेवढाच राहतो का, हे महत्त्वाचे. अल्कता ७ असो की ८ की ९, पोवळे निभावून नेते. पण आज ७, उद्या १०, परवा ६ हे त्याला सोसत नाही. समुद्र एवढा अफाट आहे, की त्याच्यात असे चढउतार होतच नाहीत. आणि लाखो वर्षे त्या स्थैर्याची सवय झालेला हा जीव दोनशे लिटरच्या पेटीत येतो.

आता रोजचा खर्च भरून कसा काढायचा? यावरचा एक जुना उपाय वाचून वाचकांना हसू येईल. त्याचे नाव चुन्याची निवळी! पानाच्या चुन्याची डबी किंवा भिंतीच्या चुन्याची टाकी ज्याने पाहिली आहे, त्याला निवळी सांगायला नको. विझवलेला चुना पाण्यात ढवळावा, गाळ खाली बसू द्यावा, आणि वरचे नितळ पाणी तेवढे घ्यावे. एक लिटर पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपासच चुना विरघळतो. जास्त घातला तर तो तळाशी बसून राहतो. १९७० नंतरच्या दशकात पीटर विल्केन्स यांनी आपल्या जर्मन पुस्तकांतून हा उपाय पुढे आणला, आणि जगभरचे छांदिष्ट निवळीला आजही तिच्या जर्मन नावानेच ओळखतात. त्याच्याही आधी, १९६० च्या सुमारास, जाकार्ताचे ली चिन एंग यांनी समुद्रातले सजीव खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच टाकीत पोवळी जगवून दाखवली होती. पण त्यांच्या दाराशी ताजे समुद्राचे पाणी होते. समुद्रापासून दूर असलेल्यांना हिशेबच करावा लागला.

निवळीची खुबी अशी, की तिच्यात कॅल्शियम आणि अल्कता दोन्ही असतात, आणि तीही पोवळे उचलते त्याच प्रमाणात. त्यामुळे एक वाढून दुसरे घटण्याची भीती नाही. समजा, टाकीत दोनशे लिटर पाणी आहे आणि रोज एक अंश अल्कता खर्च होते. मग पोवळ्यांनी दिवसाकाठी साडेतीन ग्रॅम दगड घडवला, असा अर्थ झाला. आणि तो भरून काढायला पावणेदोन लिटर निवळी पुरते. पण ही निवळी टाकीत ओतायची नाही, थेंबाथेंबाने सोडायची. शंकराच्या पिंडीवर अभिषेकपात्र लावतात तशी. कारण निवळीचा सामू बाराच्या वर असतो. ती एकदम पडली, तर टाकीतले पाणी दुधासारखे पांढरे होते आणि जिवांना भाजते. सोडायची तीही शक्यतो रात्री. कारण रात्री टाकीत कर्बवायू वाढलेला असतो आणि निवळी त्याला पचवून टाकते. चुना खाण्याच्या किंवा प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्यावा, डोळ्यांना जपावे, आणि मुलांचा हात पोचेल अशा ठिकाणी भांडे ठेवू नये.

पोवळी वाढली, की निवळीवर भागत नाही. मग काही जण कॅल्शियम क्लोराइड आणि खाण्याचा सोडा यांची वेगवेगळी द्रावणे करून घालतात. ही दोन्ही एका भांड्यात मात्र एकत्र करू नयेत. केली, तर पोवळ्याने करायचे काम भांड्यातच होते आणि तळाशी नुसता खडू बसतो. असाच खडू सबंध समुद्राचा का होत नाही, असा प्रश्न येथे सुचणे साहजिक आहे. त्याचे पुष्कळसे श्रेय मॅग्नेशियमला आहे. दगडाचा कण धरू लागला, की मॅग्नेशियम मध्येच घुसून त्याची वाढ रोखते. म्हणून मॅग्नेशियमची पातळी घसरली, की कॅल्शियम आणि अल्कता कितीही घाला, दोन्ही टिकत नाहीत. पंपावर आणि काचेवर बंबासारखा थर मात्र धरतो.

एवढे समजले, की पारोळ्याचा विचार करता येतो. पहिला प्रश्न पाण्याचा. ज्या पाण्यात कॅल्शियम आहे, ते पाणी पोवळ्याला उत्तमच, असे वाटेल. पण विहिरीच्या पाण्यात कॅल्शियमबरोबर शेतातल्या खतांचे नायट्रेटही येते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट आपल्याकडे चालते; पोवळ्याच्या टाकीत याच्या लहानशा अंशानेही शेवाळ माजते. फॉस्फेट आले, तर दगड बांधण्याचे कामच मंदावते. तेव्हा आरओचे पाणी घेऊन त्यात क्षार मोजून घालणे, याला पर्याय नाही. आणि आरओचे घरगुती यंत्र एक घागर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन घागरी बाजूला टाकते. दोनशे लिटरच्या टाकीला आठवड्याला चाळीसेक लिटर शुद्ध पाणी लागले, तर शंभर लिटरच्या घरात पाणी मोरीत जाते. पाणीटंचाई खानदेशाला नवी नाही. ज्या गल्लीत टँकरची वाट पाहत हंडे मांडलेले असतात, तेथे हे शोभत नाही. हे बाजूला पडलेले पाणी धुण्याभांड्याला, फरशीला वापरायची शिस्त ज्या घरात नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

दुसरा प्रश्न उन्हाळ्याचा. पोवळ्याला २५-२६ अंश सेल्सियसचे पाणी मानवते. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एकच अंश जास्त उष्णता काही आठवडे टिकली, की पोवळे आपल्या अंगात राहणारे सूक्ष्म शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. हे शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून पोवळ्याला पोसते. ते गेले, की उपासमार. आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जाऊन टेकतो! येथे मात्र खानदेशाची कोरडी हवा थोडी मदतीला येते. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने टाकीच्या पृष्ठभागावर पंखा सोडला, तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी निवळी घालायला वावही मिळतो. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. पण ऐन वैशाखात पंख्याने भागत नाही, आणि पावसाळी दमट हवेत त्याचा उपयोग थोडाच होतो. पाणी गार करणारे यंत्र लागते, त्याला वीज लागते, आणि वीज गेली की पंप थांबून काही तासांतच टाकीतला प्राणवायू कमी पडू लागतो. बॅटरीवरचा हवेचा पंप घरात नसेल, तर एका दुपारीत सारा संसार आटोपतो.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा. पोवळे आणायचे कोठून? आपल्या देशात खडक बांधणारी सर्व पोवळी २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातली गेली. वाघाला जे संरक्षण, तेच पोवळ्याला. ती समुद्रातून काढणे, विकणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. परदेशातून आलेल्या दगडी पोवळ्यांचा व्यापारही आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा सजीव प्रजातींची सरकारदरबारी नोंद करणे आवश्यक झाले आहे. तेव्हा कोणी पिशवीत पाणी भरून त्यात पोवळ्याचा तुकडा दाखवू लागला, तर आधी कागद मागावेत. कागद नसतील, तर तो तुकडा कितीही सुंदर असला तरी हात लावू नये.

हे कायदे कोणा अधिकाऱ्याची लहर म्हणून आलेले नाहीत. मालवणचा समुद्र १९८७ साली अभयारण्य झाला, तेथील खडकांवर पोवळी आहेत. मुंबईत वरळी आणि हाजीअलीच्या किनाऱ्यालाही पोवळ्यांच्या छोट्या वसाहती होत्या. सागरी किनारा मार्गाच्या कामात त्या येत होत्या, म्हणून २०२० साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने त्या उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या. रस्त्यासाठी झाडे हलवतात हे ऐकले होते. पोवळी हलवण्याची पाळी आली, ती त्यांची किंमत कळू लागली म्हणून. आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की जगभरची पोवळी एकाच वेळी पांढरी पडण्याचा चौथा प्रसंग चालू आहे. आपली लक्षद्वीपची बेटेही त्यातून सुटली नाहीत.

उष्णतेच्या जोडीला दुसरे संकट रसायनाचे आहे, आणि ते समजायला दिवाळीच्या सुटीत मुलांनी करण्याजोगा एक प्रयोग आहे. मोठे माणूस जवळ असू द्यावे. पेल्यात थोडी निवळी घेऊन ती पाण्याने पातळ करावी आणि नळीने हळूहळू फुंकर घालावी. ओढायचे मात्र नाही. श्वासातल्या कर्बवायूने निवळी दुधाळ होते. हे शाळेत सर्वांनी पाहिलेले आहे. ते दूध म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पोवळ्याचाच दगड. बहुतेक जण येथे थांबतात. थांबू नये. नेटाने फुंकत राहावे. बऱ्याच वेळाने पाणी पुन्हा नितळ होऊ लागते! ज्या कर्बवायूने दगड घडवला, तोच जास्त झाला की दगड विरघळवतो. कारखान्यांच्या आणि मोटारींच्या धुरातून माणसाने जो कर्बवायू हवेत सोडला, त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्राने पोटात घेतला आहे, आणि त्याचा सामू यंत्रयुगापूर्वीच्या ८.२ वरून ८.१ च्या खाली येऊ लागला आहे. शून्य दशांश एक ऐकायला थोडे वाटते. पण सामूच्या मापात एवढ्या फरकाने आम्लाचे कण पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढतात. पोवळ्याला तेच घर बांधायला आता अधिक कष्ट पडतात.

आता निकाल द्यायचा, तर तो असा. ज्याला रोज संध्याकाळी ठरल्या वेळी थेंब मोजून वहीत आकडा लिहिण्याचा कंटाळा नाही, ज्याच्या घरात पाण्याची आणि विजेची तजवीज आहे, आणि ज्याच्या हातात खरे कागद आहेत, त्याने खुशाल टाकी मांडावी. पण पहिले सहा महिने पोवळ्यावाचून. नुसते खारे पाणी, खडक आणि वही. सहा महिने आकडे जागेवर राहिले, आणि त्यांत एक मे महिना पार पडला, तर पुढचा विचार करावा. बाकीच्यांनी चुन्याची निवळी आणि मुलांचा पेला एवढ्यावर समाधान मानावे, आणि सवड होईल तेव्हा मालवणला जाऊन पोवळी त्यांच्याच घरी पाहून यावीत. तेथे होडीवाल्याला एवढेच सांगावे, की नांगर पोवळ्यावर टाकू नकोस. आणि आपणही पाण्यात उतरलो, तर त्यांच्यावर पाय देऊ नये.